दोन मीटरवर अडकलेली रिंग

मामाच्या कपाटातून ती लेन्स माझ्याकडे आली तेव्हा तिची फोकसची रिंग जाम झाली होती. कॅमेऱ्याचं शटर केव्हाच गेलेलं, पडदा अर्ध्यावर येऊन थांबलेला, पण लेन्स मात्र आटे घट्ट धरून अजून आपल्या जागी बसलेली. मी ती फिरवून काढली, खिडकीशी नेली आणि रिंगेवरचे आकडे वाचले. खुणेच्या रेघेसमोर दोनचा आकडा होता. दोन मीटर.

म्हणजे आतलं ग्रीस सुकून रिंग आवळली, त्याआधी कुणीतरी या लेन्समधून शेवटचं पाहिलं होतं, आणि ज्याच्याकडे पाहिलं ते माणूस दोन मीटरवर होतं. मामाला विचारलं. "आता काय आठवणार गं," तो म्हणाला. "ठेवताना हात लागून फिरली असेल." असेलही. पण तो आकडा डोक्यातून जाईना. पंधरा वर्षं मी डिजिटल कॅमेऱ्याने फोटो काढते आहे. माझ्याकडे हजारो फोटो आहेत, प्रत्येकाची तारीख आहे, वेळ सेकंदापर्यंत आहे. पण त्यातला एकही फोटो दाखवून कुणी विचारलं असतं, की हा माणूस तुझ्यापासून किती लांब उभा होता, तर मला सांगता आलं नसतं. ते कॅमेऱ्याचं काम होतं. तो ते करायचा आणि विसरून जायचा.

लेन्स सुपर ताकुमार, ५० मिमी, एफ/१.४. असाही या जपानी कंपनीची, म्हणजे ज्यांचे कॅमेरे पेंटॅक्स या नावाने जगभर गेले त्यांची. ताकुमार हे नाव ताकुमा काजिवारा यांच्यावरून आलेलं. कंपनीच्या संस्थापकांपैकी एकाचे ते भाऊ, अमेरिकेत राहून आधी व्यक्तिचित्रांचे फोटोग्राफर आणि मग चित्रकार झालेले. १९६४ साली पेंटॅक्स स्पॉटमॅटिक आला, त्या पिढीतली ही लेन्स. मागच्या बाजूला साधे स्क्रूसारखे आटे आहेत, ४२ मिलिमीटर व्यासाचे, एका फेऱ्याला एक मिलिमीटर पुढे जाणारे. १९४९ च्या काँटॅक्स एस या जर्मन कॅमेऱ्यापासून हे आटे रूढ झाले आणि मग इतक्या देशांतल्या इतक्या कारखान्यांनी ते वापरले की आजही जुन्या लेन्सच्या ढिगात हात घातला तर या आट्यांची, म्हणजे एम४२ म्हणतात ती लेन्स हाताला लागतेच.

ही लेन्स आजच्या कॅमेऱ्यावर बसते कशी, हे समजून घेताना पहिल्यांदा माझं लक्ष मिलिमीटरकडे गेलं. प्रत्येक कॅमेऱ्यात लेन्स टेकते त्या कड्यापासून, म्हणजे माउंटपासून, फिल्मपर्यंत किंवा सेन्सरपर्यंत एक ठरलेलं अंतर असतं. एम४२ मध्ये ते ४५.४६ मिलिमीटर आहे. निकॉनच्या १९५९ पासूनच्या एफ माउंटमध्ये ४६.५. ही जागा लागायची ती आरशासाठी. एसएलआर कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे तिरपा आरसा असतो, तो फोटो काढताना वर उडतो आणि त्याला उडायला जागा हवी. २००८ साली पॅनासॉनिकचा जी१ आला आणि आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांचा काळ सुरू झाला. आरसा गेला तशी ती जागाही गेली. माझ्या कॅमेऱ्याला सोनीचा ई माउंट आहे, त्यात हे अंतर फक्त १८ मिलिमीटर. निकॉनच्या झेडमध्ये १६. म्हणजे जुन्या लेन्सला जेवढं लांब बसायची सवय आहे, तेवढी जागा आता मोकळी आहे. ४५.४६ वजा १८, म्हणजे २७.४६ मिलिमीटर लांबीची एक पोकळ नळी मध्ये लावली की झालं. नळीत काच नाही, तारा नाहीत, काही नाही. ॲडॅप्टर म्हणजे मोजून मापून ठेवलेली रिकामी जागा.

हेच उलट झालं की काय होतं ते कॅननच्या जुन्या लेन्सनी सोसलं. १९७१ पासूनच्या एफडी माउंटचं अंतर ४२ मिलिमीटर होतं. १९८७ मध्ये कंपनीने ईओएस आणला, त्याचं ४४. नवा कॅमेरा दोन मिलिमीटरने जास्त खोल. एफडी लेन्स त्यावर लावली तर ती दूरवर फोकसच करू शकत नाही. मध्ये एखादी जास्तीची काच घातल्याशिवाय इलाज नव्हता, आणि ती काच चित्राची धार घालवायची. एकाहून एक सुंदर लेन्स दोन मिलिमीटरपायी वीसेक वर्षं कपाटात बसून राहिल्या. आरसा नसलेले कॅमेरे आले आणि त्या पुन्हा बाहेर निघाल्या. मला ही हकीकत वाचून खरोखर आनंद झाला होता, जणू ओळखीच्या कुणाची सुटका झाली.

पण माझी लेन्स आधी फिरायला तर हवी होती.

ती मी स्वतः उघडली. जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट आणि गडद तपकिरी झालं होतं. लायटरमध्ये भरतात त्या नॅफ्थाने ते पुसून काढलं, नवं ग्रीस अगदी पातळ लावलं आणि दोन भाग पुन्हा एकमेकांत फिरवले. रिंग अशी हलू लागली की मी उगाचच दहा मिनिटं ती मागेपुढे करत बसले. ते वळणं शब्दांत सांगणं अवघड आहे. अडत नाही आणि घसरतही नाही, बोट जिथे थांबेल तिथे थांबते. मग कॅमेऱ्याला लावून पाहिलं तर दूरचं काहीच नीट दिसेना.

चूक माझी होती. लेन्सच्या आत जे आटे एकमेकांत फिरतात, ज्यांना हेलिकॉइड म्हणतात, त्यांना एकच तोंड नसतं. बाटलीच्या झाकणालाही कधीकधी तीन-चार ठिकाणांहून आटे सुरू होतात, तसं. दोन भाग कुठल्या तोंडाशी सुटले ते सुटण्याच्या क्षणी खूण करून ठेवावं लागतं. मी ती केली नव्हती. चुकीच्या तोंडात बसवलं तर लेन्स फिरते, पण तिचं सगळं मोजमाप सरकतं. एकेक तोंड बदलून बघण्यात दोन संध्याकाळी गेल्या. जुनी लेन्स उघडणार असाल तर माझं एवढं ऐका: ते दोन भाग वेगळे होतात त्या जागी दोन्हींवर सुईने बारीक ओरखडा काढून ठेवा.

एवढं झाल्यावरही अडचण उरलीच. गच्चीवर जाऊन चंद्राकडे कॅमेरा लावला. रिंग अनंताच्या खुणेवर टेकलेली, त्यापुढे ती जात नाही, आणि चंद्र धुरकट. घरात काढलेले सगळे फोटो मात्र लख्ख. आता लेन्सचा दोष नव्हता, मी तपासलं होतं. दोष ॲडॅप्टरचा होता. तो किंचित जाड होता.

किती किंचित? हे गणित मी कागदावर मांडलं आणि त्या रात्री मला नीट झोप आली नाही. ५० मिमीची लेन्स सेन्सरपासून ठरल्यापेक्षा ०.१ मिलिमीटर लांब बसली, तर ती जास्तीत जास्त पंचवीस मीटरपर्यंत फोकस करू शकते. त्यापलीकडचं सगळं तिच्या हाताबाहेर जातं. ०.१ मिलिमीटर म्हणजे आपण लिहितो त्या साध्या कागदाची जाडी. एक कागद मध्ये आला की चंद्र, डोंगर, समोरच्या वाटेने चालत जाणारा माणूस, सगळं पंचवीस मीटरच्या आत यावं लागतं, नाहीतर ते धुरकटच राहणार.

आणखी पुढे गणित करत गेले. अनंतापासून दोन मीटरपर्यंत यायला ही लेन्स सुमारे १.३ मिलिमीटर पुढे सरकते. एका मीटरपर्यंत यायला पावणेतीनच्या आसपास. आणि एका मीटरवरून तिच्या सगळ्यात जवळच्या मुक्कामाला, म्हणजे ४५ सेंटीमीटरला यायला आणखी साडेचार मिलिमीटर. सगळं आकाश, क्षितिज, रस्ते, माणसांचे घोळके हे तीन मिलिमीटरच्या आत बसतात. उरलेली जास्तीची हालचाल शेवटच्या अर्ध्या मीटरसाठी राखलेली आहे. रिंगेवरचे आकडे पाहिले की हेच उघड दिसतं. दहा मीटर आणि अनंताची खूण एकमेकींना खेटून आहेत, आणि ०.५ व ०.४५ यांच्यामध्ये बोटाने चांगलं फिरवत जावं लागतं. आपल्या भाषेत अंतर हा शब्द दोन्हीकडे चालतो. मोजायचं तेही अंतर आणि मनाच्या आतलं तेही अंतर. कुणाला अंतर देऊ नकोस म्हणतात तेव्हा त्यात दोन्ही येतं. त्या रिंगेकडे बघताना मला वाटलं की जवळ येण्याला जास्त सरकावं लागतं ही गोष्ट कुणीतरी पितळ आणि ॲल्युमिनियममध्ये कोरून ठेवली आहे.

ॲडॅप्टर बदलला. दुसरा अगदी थोडा बारीक निघाला. बारीक असलेला बरा, कारण अनंताच्या थोडं पलीकडे जाता येतं आणि हवं तिथे मागे येता येतं. बहुतेक ॲडॅप्टर याच बाजूने चुकवलेले असतात. पण मग आकडे खोटं बोलतात. खरा अनंत रिंगेवरच्या खुणेच्या अलीकडेच येतो. मी दोन कड्यांच्या मध्ये पातळ टेपचे तीन छोटे तुकडे समान अंतरावर लावले, चंद्राकडे पाहिलं, टेप बदलली, पुन्हा पाहिलं. चौथ्या रात्री अनंताची खूण आणि चंद्र जुळले. आकडे खरे झाले. ज्यांना फक्त व्ह्यूफाइंडरमध्ये बघून फोकस करायचा असतो त्यांना याची काही गरज नाही. मला होती.

काच पिवळी होती, तेही सांगायला हवं. त्या काळातल्या काही लेन्सच्या काचेत थोरियम ऑक्साइड मिसळत. त्याने काच प्रकाशाला जास्त वाकवते आणि तरी रंग फारसे फाकू देत नाही. पण थोरियम किरणोत्सारी आहे. त्याचं अर्धायुष्य सुमारे १,४०० कोटी वर्षं. वर्षानुवर्षं त्याच्या किरणांनी काचेच्याच रचनेत बारीक दोष तयार होतात आणि काच चहासारखी पिवळी पडत जाते. हे किरण इतके क्षीण असतात की लेन्स वापरायला भीती नाही, फक्त ती फोडू किंवा घासू नये आणि डोळ्याला लावून भिंग म्हणून वापरू नये. उपाय तर विश्वास बसणार नाही इतका साधा: ऊन. अतिनील किरणांनी ते दोष भरून येतात. मागच्या बाजूला ॲल्युमिनियमची चंदेरी फॉइल गुंडाळून मी ती खिडकीत ठेवली. फॉइल लागतेच, नाहीतर लेन्स सूर्य गोळा करून मागचा पडदा पेटवेल. सहा आठवडे रोज ऊन दाखवलं. रोज संध्याकाळी पांढऱ्या कागदावर धरून बघायची. रंग चहावरून लिंबाच्या सालीवर आला, मग वाळलेल्या गवतावर, मग नुसती छटा राहिली. ती छटा मी तशीच राहू दिली. कॅमेरा व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, सांभाळून घेतो, आणि कृष्णधवल फोटोत ती थोडीशी पिवळ्या फिल्टरसारखं काम करते, निळं आकाश जरा गडद येतं.

नव्या कॅमेऱ्याला मात्र हे सगळं काहीच कळत नाही. ॲडॅप्टरमधून एकही तार जात नाही, त्यामुळे कॅमेऱ्याच्या लेखी समोर लेन्सच नाही. लेन्सशिवाय शटर चालू दे, असं मेन्यूत जाऊन त्याला सांगावं लागतं. सेन्सर हलवून हात स्थिर ठेवण्याची सोय असेल तर ५० मिमी हा आकडाही आपणच भरायचा. नाहीतर तो आधीच्या कुठल्यातरी लेन्सच्या हिशेबाने हलतो आणि चित्र उलट बिघडवतो. फोटोच्या माहितीत ॲपर्चरच्या, म्हणजे लेन्स किती उघडी होती त्या आकड्याच्या, जागी रिकाम्या रेघा येतात. मी एक छोटी वही ठेवली आहे. फोटोचा क्रमांक, ॲपर्चर, अंतर. रोज नाही लिहून होत, पण ज्या दिवशी लिहिते त्या दिवसाचे फोटो मला नंतर पाहताना जास्त आठवतात.

पहिल्या दिवशी एक गोष्ट राहून गेली होती. ताकुमारच्या अंगावर ए आणि एम अशी सरकणारी कळ आहे. ए वर असेल तर ॲपर्चरच्या पाकळ्या उघड्याच राहतात, जुना कॅमेरा फोटोच्या क्षणी मागची पिन दाबून त्या बंद करायचा. माझ्या साध्या ॲडॅप्टरला ती पिन दाबता येत नाही. ॲपर्चरची रिंग आठवर ठेवून काढलेले सगळे फोटो प्रत्यक्षात १.४ वर निघाले. आता कळ कायम एम वर असते. रिंग फिरवली की पाकळ्या डोळ्यांदेखत मिटतात आणि व्ह्यूफाइंडरमधलं चित्र तेवढ्याच उजेडात दिसत राहतं, कारण कॅमेरा ते उजळून दाखवतो. फिल्मच्या काळात लेन्स मिटली की व्ह्यूफाइंडर काळोखा व्हायचा. ही एक बाब नव्या कॅमेऱ्याची निर्विवाद मोठी.

दुसरी मोठी बाब चाळिशीची. मला चाळिशी लागून पाच वर्षं झाली. फिल्मच्या एसएलआरमध्ये मधोमध एक दुभंगलेलं वर्तुळ असायचं. समोरच्या खांबाचे दोन तुकडे त्यात वेगळे दिसायचे आणि फोकस जुळला की ते एकसंध व्हायचे. आरशाच्या डिजिटल कॅमेऱ्यांमधून हे वर्तुळ गेलं आणि त्यांचा पडदाही असा बनवला जाऊ लागला की १.४ ची लेन्स लावली तरी त्यात फोकसची खोली साधारण २.८ एवढी दिसते. जे दिसतं तेच मुळात खरं नाही, मग माणूस फोकस कशावर धरणार? माझे तेव्हाचे प्रयत्न याच कारणाने फसत होते आणि मी ते डोळ्यांवर ढकलत होते. इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमध्ये मात्र चित्राचा हवा तो भाग दहापट मोठा करता येतो. शेजारची छोटी चाकी फिरवून चष्म्याचा नंबरही लावता येतो. पापण्या मोजता येतील एवढं मोठं दिसतं.

फोकस पीकिंग, म्हणजे धारदार कडांवर रंगीत रेषा उमटवून दाखवणारी सोय, मी बंद ठेवते. अनेकांना ती आवडते आणि घाईत ती उपयोगी आहेच. पण ती कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजेड-अंधारातला फरक, शोधते, फोकस नाही. काळ्या केसांची पांढऱ्या भिंतीवरची कड थोडी बाहेर असली तरी रंगते आणि मऊ उजेडातला डोळा नेमका जागेवर असूनही रंगत नाही. शिवाय त्या लाल रेषा चेहऱ्यावर नाचत असताना चेहरा दिसत नाही. मला चेहरा बघायचा असतो.

मामा एकदा घरी आला तेव्हा मी त्याच्या हातात कॅमेरा दिला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला, हलका आहे म्हणाला. मग डावा तळहात खालून लेन्सखाली गेला, अंगठा आणि तर्जनी रिंगेवर बसली. माझ्याकडे एकदा बघितलं, खाली न बघता रिंग फिरवली आणि मग कॅमेरा डोळ्याला लावला. डोळ्याला लावल्यावर रिंग जेमतेम केसभर हलली असेल. "आधी अंतर, मग डोळा," तो म्हणाला. "रोलमध्ये छत्तीस फोटो. शोधत बसायला वेळ नसायचा." चाळीस वर्षांपूर्वीची सवय त्याच्या बोटांत जशीच्या तशी होती.

त्यानंतर मी अंतर मोजायला शिकले. कॅमेऱ्याच्या माथ्यावर एक लहान वर्तुळ आणि त्याला छेदणारी रेघ असते. तिथे सेन्सर आहे, अंतर तिथून मोजायचं, लेन्सच्या तोंडापासून नाही. पंधरा वर्षं ती खूण माझ्या अंगठ्याशेजारी होती. घरात चालता चालता मी मनाशी आकडा ठरवायची आणि मग टेपने मोजायची. सुरुवातीला दोन मीटरला तीन म्हणायची. हात लांब केला की बोटाच्या टोकापर्यंत माझा साधारण पाऊण मीटर. दाराच्या चौकटीतला माणूस खुर्चीतून सव्वादोन. जेवणाच्या टेबलापलीकडचा एक मीटर दहा. हळूहळू आकडे चुकेनासे झाले. आता कुणी बोलायला समोर येऊन थांबलं की मला न ठरवता कळतं की हा दीड मीटरवर थांबला, हिने एका मीटरच्या आत पाऊल टाकलं. काही जण कायम दोनवर थांबतात. हे आधीही घडतच असणार, माझं लक्ष नव्हतं.

बाहेर हिंडताना २८ मिमीची एक जुनी लेन्स लावते. एफ/८, रिंग ३.३ मीटरवर. हिशेबाने १.७ मीटरपासून अनंतापर्यंत सगळं स्पष्ट येतं आणि फोकसचा प्रश्नच उरत नाही. लेन्सवर ॲपर्चरच्या आकड्यांच्या जोडरेघा असतात, त्या हेच सांगतात. मात्र त्या रेघा फिल्मच्या आणि हातात धरायच्या छोट्या प्रिंटच्या हिशेबाने आखलेल्या आहेत. आजच्या सेन्सरचं चित्र पडद्यावर पूर्ण मोठं करून बघितलं तर त्या जरा उदार वाटतात. म्हणून ॲपर्चर ८ ठेवायचं आणि रेघा ५.६ च्या वाचायच्या. फार जुन्या रेंजफाइंडर, म्हणजे आरशाऐवजी वेगळ्या खिडकीतून बघायच्या, कॅमेऱ्यांच्या रुंद लेन्स मात्र मी घेत नाही. त्यांच्या मागच्या काचेतून प्रकाश इतका तिरपा येतो की सेन्सरवरच्या संरक्षक काचेत तो भरकटतो आणि कोपरे पुसट येतात.

जुन्या लेन्सचं कौतुक होतं ते पुष्कळदा तिच्या दोषांसाठी. हेलिओस ४४ या रशियन लेन्सने मागची झाडं भोवऱ्यासारखी फिरतात. खरंच फिरतात आणि पहिल्यांदा पाहिलं की माणूस हरखतो. पण दहाव्या फोटोत भोवराच दिसतो, समोरचा माणूस नाही. उजेड समोरून आला की ताकुमारही धुक्यात जाते. काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावरून साधारण चार टक्के प्रकाश परततो. माझ्या लेन्समध्ये सात काचा सहा गटांत, म्हणजे असे बारा पृष्ठभाग. काचांवर हे परतणं कमी करणारा लेप नसता तर सुमारे ३९ टक्के उजेड वाटेतच गेला असता आणि त्यातला बराचसा धुकं होऊन चित्रावर पसरला असता. लेप आहे, पण १९७१ च्या आधीचा, बहुथरांचा नाही. त्यात सेन्सर फिल्मपेक्षा जास्त चकाकतो, तोही थोडा प्रकाश मागे फेकतो. मी डावा हात लेन्सच्या वर आडवा धरते आणि धुकं निघून जातं. मला ते धुकं नको असतं. ही लेन्स मला हवी आहे ती तिच्या रिंगेसाठी.

आणि धावत्या मुलांसाठी, पक्ष्यांसाठी, लग्नाच्या गर्दीसाठी मी नवीच लेन्स लावते. डोळा ओळखून त्यावर खिळून राहणारा ऑटोफोकस माझ्यापेक्षा अचूक आहे, त्यात वादच नाही.

गेल्या महिन्यात आई खिडकीशी बसून सुईत दोरा ओवत होती. चष्मा कपाळावर. सुई हातभर लांब धरायची, दोरा पुढे न्यायचा, चुकायचा. मग दोन्ही हात थोडे जवळ, पुन्हा थोडे लांब. तिच्या डोळ्यातली लेन्स आता आकार बदलत नाही, म्हणून ती सुईच मागेपुढे करून बघत होती. मी जमिनीवर तिच्यासमोर बसले आणि रिंग ४५ सेंटीमीटरच्या टोकापर्यंत नेली. इतक्या जवळ रिंगेने फोकस होत नाही. एफ/१.४ वर स्पष्ट दिसणारी जागा असते जेमतेम साडेचार मिलिमीटर, श्वास घेतला तरी ती निसटते. रिंग सोडून द्यायची आणि आपणच कमरेतून हळूहळू पुढेमागे व्हायचं. सुईचं नाक दिसलं, गेलं, दिसलं. ती हात पुढे आणायची तेव्हा मी मागे सरकायची. कितीतरी वेळ आम्ही दोघी अशा समोरासमोर डुलत होतो.

"काय चाललंय तुझं?" ती म्हणाली.

"तुझं चाललंय तेच."

एकदा जुळलं आणि मी शटर दाबलं. कॅमेरा फिरवून तिला पडदा दाखवला. सुईचं नाक लख्ख, त्याच्या अलीकडे दोऱ्याचं टोक लख्ख, बोटांच्या पेरांपासून पुढे सगळं विरघळलेलं. तिचा चेहरा म्हणजे मागे एक उबदार डाग.

"मी कुठे आहे यात?"

मी चित्र मोठं करत गेले, चेहरा शोधायला नाही, दोरा दाखवायला. तिने चष्मा नाकावर घेतला आणि पडदा जवळ ओढला.

"हे बघ," ती म्हणाली. "पीळ सुटलाय."

खरंच. दोऱ्याचं टोक दुभंगलं होतं. दोन धागे आत जायला बघत होते आणि तिसरा, केसाहून बारीक, बाहेर वाकून नाकाच्या कडेला अडत होता. मी इतका वेळ बघत होते, मला दिसला नव्हता. तिने कात्री घेतली, टोक तिरकं कापलं, ओठांत धरून ओलं केलं आणि पहिल्याच खेपेला दोरा ओवला.